दाब, धर, सोड

भाऊजींनी ज्या निगुतीनं त्या पिकअपच्या क्लचची वाट लावली, तेवढ्या निगुतीनं बहुतेक माणसं एखादं चांगलं कामही करत नाहीत. आधी त्यांनी हात धुतले. मग डबीच्या झाकणावरची धूळ फडक्यानं पुसली, म्हणजे आत कचरा जायला नको. मग चष्मा नाकावर नीट बसवून फळीवरच्या सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून काढल्या, डावीकडून उजवीकडे, एकही न गाळता. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात डोकेदुखीची गोळीसुद्धा गिळलेली नव्हती.

वहिनी आतल्या खोलीतून एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊजी, क्लचच्या डबीत तेल कमी दिसतंय, तेवढं भरता का? माझे हात पिठाचे आहेत."

फळीवरच्या एका बाटलीवर लिहिलं होतं, 'ब्रेक ऑइल'. भाऊजींनी ती उचलली, वाचली आणि क्षणभर हातात धरून परत ठेवली. ब्रेकचं ते ब्रेकला. आपल्याला भरायचंय क्लचला. शब्दाला काही अर्थ असतो की नाही? शेजारी एक पत्र्याचा डबा होता आणि त्यावर दादांच्या, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाच्या अक्षरात नुसतंच 'तेल' लिहिलेलं होतं. वहिनी म्हणाल्या 'तेल', डब्यावर 'तेल'. मूळ प्रत आणि मुद्रित तंतोतंत जुळलं. भाऊजींनी डबी रेघेपर्यंत भरली, झाकण लावलं आणि आत वर्दी दिली, "झालं हो!"

ही गोष्ट शनिवारची. सोमवारी सकाळी वहिनींनी क्लचचं पेडल दाबलं तेव्हा ते मुकाट्यानं खाली गेलं आणि तिथेच बसलं. वहिनींनी पायाची बोटं खालून अडकवून ते वर ओढलं. पुन्हा दाबलं. पुन्हा बसलं. मग त्या खाली उतरल्या, बॉनेट उघडलं, डबीचं झाकण काढून आत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

"भाऊजी, यात काय घातलंत?"

"तेल."

"कुठलं?"

भाऊजींनी डबा आणून दाखवला. अक्षर दादांचं आहे हेही दाखवलं. वहिनींनी डब्याकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि फडक्यानं एकेक बोट पुसत म्हणाल्या, "बरं."

एवढंच. मग त्या पाना आणायला गेल्या. भाऊजींना आठवडाभर छळलं ते या 'बरं'नं. चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

त्यातला घोळ असा होता. या पिकअपच्या क्लचला तार नव्हती, पाणी ओढणाऱ्या पंपासारखी एक युक्ती होती. पाय पेडलवर पडला की वरचा सिलिंडर आतला रस नळीतून खाली ढकलतो, तो रस खालच्या सिलिंडरला ढकलतो आणि तो सिलिंडर क्लचला. रस मागे-पुढे गळू नये म्हणून दोन्ही सिलिंडरांत रबराच्या छोट्या वाट्या बसवलेल्या असतात. ब्रेक असो की क्लच, रस एकच. त्याला सगळी दुनिया ब्रेक ऑइल म्हणते, तेल म्हणते, आणि ते तेल नाही हे गॅरेजातल्या प्रत्येकाला माहीत असतं. खरं तेल त्या रबराला लागलं की रबर फुगतं, फुगलं की अडकतं. दादांच्या गॅरेजात ही गोष्ट इतकी सगळ्यांना ठाऊक होती की ती कुणी कधी कुणाला सांगितलीच नव्हती.

एरवी ही हसण्यावारी नेण्यासारखी चूक होती. पण त्या आठवड्यात तिला हसण्याजोगी जागा नव्हती.

दादांना जाऊन साडेतीन महिने झाले होते. त्यांच्या पश्चात गॅरेजात एकच गाडी उरली होती, ही सत्तेचाळीस वर्षांची पिकअप. ती एका बेकरीवाल्याच्या वडिलांची. एके काळी सगळ्या गावाचा पाव तिच्यातून फिरायचा. मग ती एकोणीस वर्षं झाडाखाली उभी होती, आणि एक दिवस मुलाला वडिलांची आठवण अनावर झाली तेव्हा दोरी लावून दादांकडे आली. दादांनी आणि वहिनींनी वर्षभर खपून तिचा सडलेला पत्रा कापला, नवा जोडला, इंजिन उतरवून चढवलं, तिला पहिल्यासारखा फिका हिरवा रंग दिला. क्लच तेवढा राहिला होता. दादांनी कुठून कुठून निरोप पाठवून त्याच्या रबरांचं एक किट मिळवून बसवलं होतं. बाकीचं 'उद्या' म्हणून ठेवलं आणि तो उद्या काही त्यांना मिळाला नाही.

भाऊजींचं म्हणणं होतं की गॅरेज बंद करावं. त्यात वाईट हेतू नव्हता. वहिनी एकट्या, वय छप्पन्न, मागे दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड आणि लोखंड. भाऊजींच्या घरी त्यांच्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. भाऊजींच्या बायकोनं तिला नवा पडदासुद्धा लावला होता. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही गाडी माझ्या फाटकातून स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या क्लचवर बाहेर पडली, तर शटर उघडं राहील. दोरी लावून गेली, तर किल्ली तुमच्या हातात देईन आणि मागे वळून बघणार नाही. चालेल?"

बेकरीवाला रविवारी येणार होता. तोही सज्जन माणूस. पण तो सांगून गेला होता, "तोवर नाही झालं तर मी हमरस्त्यावरच्या मोठ्या वर्कशॉपला नेतो, ताई. राग मानू नका."

म्हणजे भाऊजींना जे हवं होतं, तेच त्यांच्या हातून झालं होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते ध्यानात आणून दिलं शेजारच्या पंक्चरवाल्यानं. तो आपल्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. सगळा प्रकार कळल्यावर म्हणाला, "मानलं तुम्हाला, भाऊसाहेब! शटर पाडायला लोक कुलूप आणतात. तुम्ही तेलावरच भागवलंत!"

तो हसला. भाऊजीही हसले. आणि हसता हसता त्यांचा हात खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. पिशवीत एक नवंकोरं कुलूप होतं. शटरसाठीच. ते त्यांनी तेल ओतण्याच्या आदल्याच दिवशी घेतलं होतं.

संध्याकाळी घरी त्यांची बायको सगळं ऐकून मनापासून म्हणाली, "जाऊ दे हो, निदान आता तरी जाऊबाई इकडे येतील." भाऊजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. 'ब्रेक ऑइल'ची बाटली आपण उचलली होती. क्षणभर धरली होती. तो क्षण कसला होता? आपल्याला खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं? आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवलेल्या माणसाला स्वतःची चूक कुठल्या खुणेनं दाखवावी ते कळेना.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण गिऱ्हाइकांना त्या गॅरेजात वहिनी आहेत एवढंच ठाऊक होतं. त्या काय आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं.

वहिनींचं माहेर शिवणकामाचं. आई शाळांचे गणवेश शिवायची. तिचे गुडघे धरले तेव्हा अकरा वर्षांची ही मुलगी यंत्राखाली स्टूल ओढून बसली. वर कापड सरकवणारे हात आईचे, खाली पायटा हलवणारे पाय मुलीचे. आई तोंडानं काही सांगत नसे. कोपरा आला की मुलगी आपोआप हळू व्हायची, सरळ शिवण आली की सुटायची. सुई कुठे आहे हे तिला तळव्याला कळायचं.

लग्नानंतर महिन्याभरात दादांनी एका गाडीखालून हाक मारली, "अगं, जरा ये. वर बस आणि पेडल दाब." हायड्रॉलिक क्लचमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. खाली पडलेला माणूस निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, ढिली करतो, वर बसलेला पेडल दाबतो. खालच्यानं निपल आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर जेवढी हवा गेली तेवढीच परत आत येते. वहिनी चपला काढून चढल्या. पहिला पाय ब्रेकवर पडला. "ते नव्हे गं, डावीकडचं!" खालून आवाज आला. त्यानंतर एकतीस वर्षांत असं पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. तीनच शब्द उरले. दाब. धर. सोड. दोघांच्या संसारात याहून जास्त बोलणं झालंच नाही असं नाही, पण याहून जास्त वेळा दुसरं काही बोललं गेलं नसेल.

आणि हळूहळू असं झालं की गाडी आली, गिअर पडेना, दादांना थांग लागेना, की ते आत तोंड करून म्हणायचे, "अगं..." वहिनी पीठ, सुई, झाडू जे हातात असेल ते ठेवून यायच्या, अनवाणी पायानं तीनदा पेडल दाबायच्या, "वरचा," किंवा "खालचा," किंवा "हवा" असा एक शब्द बोलायच्या आणि परत जायच्या. दादा मग अब्रूखातर पाव तास गाडीखाली जाऊन पडायचे आणि बाहेर येऊन तोच शब्द गिऱ्हाइकाला सांगायचे. "लगेच सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही," असं त्यांचं म्हणणं. कधी कुणी फारच वाहवा केली तर म्हणायचे, "मला काय सांगता, आतल्या बाईंना सांगा." लोकांना वाटायचं दादा थट्टेखोर आहेत.

गंमत म्हणजे वहिनींनी गाडी कधी चालवलेली नव्हती. एकतीस वर्षं ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्या एक इंचही कुठे गेल्या नव्हत्या.

मंगळवारी वहिनींनी दोन्ही सिलिंडर उतरवून उघडले. आतली रबरं भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी टम्म फुगली होती. त्यांनी ती एका बशीत काढून ठेवली. मग नळी सुटी केली, स्पिरिटनं तीनदा धुतली, फुंकली, उन्हात टांगली आणि चौथ्यांदा धुतली. "एक थेंब राहिला तरी नवं रबर जाईल," एवढंच म्हणाल्या. भाऊजींना प्रत्येक थेंब आपल्या नावाचा वाटत होता.

"रबरं मी आणतो," भाऊजी पुढे झाले. "माझ्यामुळे झालंय."

"आणा."

भाऊजी बशीतली एक वाटी कागदात गुंडाळून बाजारात गेले आणि दोन तासांनी विजयी चेहऱ्यानं परत आले. दुकानदारानं अगदी तशीच, तसूभरही फरक नसलेली वाटी काढून दिली होती. वहिनींनी ती सिलिंडरच्या तोंडाशी धरली. ती आत जाईना.

"भाऊजी, तुम्ही फुगलेल्याचं माप देऊन आलात."

भाऊजींनी चष्मा काढला आणि पुसला. त्याला पुसण्यासारखं काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः निघाल्या. सिलिंडरच फडक्यात बांधून घेतला. भाऊजी मागून गेले, पिशवी धरायला. दुकानदारानं दोघांकडे पाहून भाऊजींना विचारलं, "बोला साहेब, गाडी कुठली?"

"साहेबांना काही विचारू नका," वहिनी म्हणाल्या, "ते वाचून सांगतील. हे बघा."

त्यांनी सिलिंडर काउंटरवर ठेवला. दुकानदारानं तो ओळखला. "अहो, याचं किट वीस वर्षांत आलेलं नाही. एकच होतं, ते एक गॅरेजवाले घेऊन गेले. किती महिने माझ्या मागे लागले होते!"

"माहीत आहे. मला किट नको. हे भोक पाऊण इंचाचं आहे. पाऊण इंचाच्या रबरी वाट्या द्या. कुठल्या का ब्रेकच्या असेनात. रबराला गाडीचं नाव वाचता येत नाही."

दुकानदार थांबला. मग हळूच म्हणाला, "ते... तुमचे का?"

"हो."

तो शिडी लावून वर चढला, सहा खोकी खाली घेतली आणि मापपट्टी वहिनींच्या हातात देऊन बाजूला उभा राहिला. त्याच्या दुकानात मापपट्टी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याची पद्धत नव्हती.

शुक्रवारपर्यंत सगळं जोडून झालं. या वेळी डबी वहिनींनी स्वतः भरली, 'ब्रेक ऑइल'च्या बाटलीतून. भाऊजी ती चिठ्ठी लांबून वाचत उभे होते. शनिवारी सकाळी हवा काढायची राहिली. आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की आता वर कोण आणि खाली कोण.

"मला खाली काही समजायचं नाही," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला वर तरी कुठे समजतंय," वहिनी म्हणाल्या. "पण वर नुकसान कमी. चपला काढा आणि बसा."

दादांची गाडीखाली सरकायची फळी भिंतीला टेकवलेली होती. खाली चार चाकं, मधे पाठीच्या घासण्यानं गुळगुळीत झालेलं लाकूड, आणि डोक्याच्या जागी दादांच्या केसांच्या तेलाचा काळा गोल डाग. हे मात्र खरं तेल. वहिनींनी फळी आडवी केली. हातातलं फडकं उशाशी ठेवायला गेल्या, मग काढून घेतलं आणि त्या गोलावर तसंच डोकं ठेवून आत सरकल्या.

भाऊजी वर बसले. डावा पाय पेडलवर ठेवला आणि हुकमाची वाट बघू लागले. हुकूम येईना. बाहेर पंक्चरवाल्याचा हातोडा वाजत होता. गाडीखाली मात्र काही हालचाल नव्हती.

"वहिनी?"

भाऊजींनी दारातून वाकून पाहिलं. दोन अनवाणी पाय बाहेर आलेले दिसत होते. डाव्याची टाच उजव्यापेक्षा जास्त झिजलेली. पाय स्थिर होते.

"सांगते," बऱ्याच वेळानं खालून आवाज आला. "असं करू. बोलत नाही. पाना वाजवते. एक टक म्हणजे दाबायचं, दोन म्हणजे सोडायचं."

भाऊजी समजले. ते तीन शब्द ज्याचे होते तो माणूस त्याच फळीवरून ते बोलायचा. एकतीस वर्षं ते शब्द वहिनींनी ऐकले होते, एकदाही उच्चारले नव्हते. छापखान्यात राहून भाऊजींनी लाखो शब्द हाताळले होते, पण शब्दाला वजन असतं ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पान्याची टकटक काही जमली नाही. पंक्चरवाल्याच्या हातोड्याचे ठोके त्यात मिसळायचे आणि भाऊजी त्याच्या तालावर पेडल मारायचे. पाच मिनिटांत त्यांनी बाहेर गेली त्याहून जास्त हवा आत घेतली. शेवटी खालून आवाज आला. घोगरा होता, पण आला.

"दाबा."

भाऊजींनी दाबलं.

"धरा."

धरलं.

"सोडा."

सोडलं. चारदा जमलं. पाचव्यांदा निपल उघडी असतानाच भाऊजींच्या पोटरीत गोळा आला, पाय उचलला जाऊ लागला, आणि खालून एकदम कडाडलं, "अरे, धर ना! सोडू नकोस!"

भाऊजींनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. निपल आवळल्याचा आवाज झाला. एकतीस वर्षांत वहिनींनी दिराला 'अरे' म्हटलेलं नव्हतं. रागावतानासुद्धा त्या 'अहो' म्हणून रागवायच्या.

"चुकून गेलं तोंडातून," खालून आलं.

"वहिनी, असू द्या," भाऊजी म्हणाले. "आदर नंतर द्या. 'धरा' म्हणेपर्यंत वेळ जातो. 'धर'च ठीक आहे. शब्द मुळात असाच आहे."

खालून आवाज आला, "दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

असं तासभर चाललं. मधूनच खालून प्रश्न यायचा, "पायाला काय लागतंय?" भाऊजी डोळे मिटून विचार करायचे आणि सांगायचे, "कसं सांगू... पहाटे भरलेली उशी दुपारी जशी—"

"मऊ की कडक?"

"मऊ."

निपलला नळीनं जोडलेल्या बाटलीतले बुडबुडे थांबले तरी पेडल मऊ ते मऊच. शेवटी वहिनी बाहेर आल्या, भाऊजींना उठवलं, स्वतः बसल्या आणि तीनदा दाबलं. "हवा," म्हणाल्या. "खालच्यात बसलीय कुठेतरी दडून. निघत का नाही? ह्यांच्या हातून अशी कधी राहिली नाही."

त्या दोन्ही हात चाकावर ठेवून काचेतून समोर बघत बसल्या. समोर फाटक होतं, रस्ता होता, पंक्चरवाल्याची पाठ होती. भाऊजींना वाटलं, झालं, खचल्या. खांद्यावरची पिशवी त्यांना जड लागायला लागली.

"भाऊजी, मला इथून नळ दिसायचा."

"कुठला नळ?"

"मागच्या भिंतीवरचा. कुठल्याही गाडीत बसवलं तरी समोर तोच नळ. एकतीस वर्षं. कधी ठिबकत असला तर मी मनात थेंब मोजायची. फाटक मला कधीच दिसलं नाही." त्या झपकन खाली उतरल्या. "अहो, आमचे हे गाडी नेहमी भिंतीकडे तोंड करूनच लावायचे! मला वाटायचं उन्हासाठी. अंगणाला भिंतीकडे उतार आहे. नाक खाली, शेपूट वर. निपल सगळ्यात उंच येते, मग हवेला दुसरीकडे जायला जागाच नाही. ही उलटी कुणी लावली?"

कुणी लावली ते त्यांना ठाऊक होतं. दादा गेले त्या दिवशी माणसं जमू लागली तेव्हा अंगणात जागा करायला हवी होती. चौघांनी मिळून ही गाडी ढकलून, वळवून बाजूला केली होती. त्या चौघांत एक भाऊजी होते.

"मी," ते म्हणाले. "त्या दिवशी."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. "मग वळवा परत."

पंक्चरवाला आला, त्याचं ट्यूबची वाट बघत बसलेलं एक गिऱ्हाईक आलं. चौघांनी ती हिरवी पिकअप तीन झोक्यांत वळवून भिंतीकडे तोंड करून लावली. भाऊजी वर, वहिनी खाली. दाब, धर, सोड. सातव्या खेपेला बाटलीत एक टपोरा बुडबुडा आला, त्याच्यामागून बारक्या बुडबुड्यांची रांग, आणि मग नुसता स्वच्छ रस. पंक्चरवाला उकिडवा बसून धंदेवाईक नजरेनं बघत होता. "कमाल आहे," तो म्हणाला, "आमच्याकडे बुडबुडा आला की गिऱ्हाईक रडतं, तुमच्याकडे हसतं!"

पण वहिनी हसत नव्हत्या. त्या वर चढून बसल्या, समोर नळ होता, त्यांनी पेडल दाबलं. एकदाच. "आला क्लच," म्हणाल्या, आणि पदराचं टोक डोळ्यांना लावून तेवढ्यापुरत्या बसून राहिल्या. बाकीचे तिघं उगाचच टायर तपासू लागले.

रविवारी बेकरीवाला आला तो मित्राची जीप आणि नवी दोरी घेऊनच. दोरी दिसू नये म्हणून त्यानं ती पाठीमागे धरली होती, त्यामुळे ती सगळ्यांना आधी दिसली.

"झाली का हो, ताई?"

"बाजूला व्हा," वहिनी म्हणाल्या. "मी बाहेर काढते."

भाऊजी पुढे झाले. "वहिनी, तुम्ही कुठे चालवता गाडी? तो पंक्चरवाला—"

"क्लच मला येतो. बाकीचं चाक नि ब्रेक, ते काय, सगळ्यांनाच येतं."

इंजिन सुरू झालं. वहिनींनी चपला काढून खाली ठेवल्या, डावा पाय दाबला, मागचा गिअर टाकला. तो चूं न करता पडला. मग त्या पाय सोडू लागल्या, इतका सावकाश, की भाऊजींनी श्वास धरून ठेवला. कुठेतरी मध्यावर त्या थांबल्या. गाडीला एक बारीक कंप आला. वहिनींच्या पायाला एकतीस वर्षं माहीत असलेली ती जागा होती, फक्त तिच्या पलीकडे काय असतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाय आणखी थोडा सोडला.

गाडी हलली. तीही उलटी. काचेसमोरचा नळ हळूहळू लांब जायला लागला. वहिनी मागे बघायचं सोडून त्या नळाकडेच बघत होत्या. "मागे बघा, मागे!" पंक्चरवाला ओरडत होता. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि आचका देऊन बंद झाली.

"बंद पडली?" बेकरीवाल्यानं घाबरून विचारलं.

"थांबवली," वहिनी म्हणाल्या.

बेकरीवाला आत बसला. त्यानं चाकावरून हात फिरवला आणि इंजिन सुरू केलं. मग तो गेला. दुसरा, तिसरा गिअर पडल्याचे आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आले. मित्र जीप घेऊन मागोमाग गेला. नवी दोरी फाटकाशीच विसरून राहिली. पंक्चरवाल्यानं ती उचलून गॅरेजच्या खिळ्याला अडकवली आणि भाऊजींकडे न बघता आपल्या घमेल्याकडे निघून गेला.

वहिनी भिंतीपाशी नळाखाली हात धूत होत्या. भाऊजी जवळ जाऊन उभे राहिले. पिशवीतून ते नवं कुलूप काढलं आणि भिंतीच्या कट्ट्यावर ठेवलं. त्याची किल्ली अजून तारेनं बांधलेलीच होती.

"हे तेल ओतायच्या आदल्या दिवशी घेतलं होतं," ते म्हणाले. "शटरसाठी."

वहिनींनी कुलपाकडे पाहिलं. नळ बंद केला नाही.

"वहिनी, खरं सांगा. मला शटर पाडायचं होतं, आणि मीच तेल ओतलं. एकदा तरी, क्षणभर तरी, तुमच्या मनात आलं का, की हे मी मुद्दाम केलं?"

वहिनींनी नळ बंद केला, हात झटकले आणि म्हणाल्या, "मुद्दाम करायला आधी तेल कळावं लागतं, भाऊजी."